हेन्लीने नाकारलेला गवंडी: जॅक केली

ओळंबा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं. गेली बरीच वर्षं मी फिलाडेल्फियात राहते. स्कूलकिल नदीच्या काठाने केली ड्राइव्ह नावाचा रस्ता जातो. सकाळी चालायला तिथे जाते. शर्यतीची जिथे सांगता होते, त्या जागेपाशी एक पुतळा आहे. हातात तलवार नाही, घोडा नाही. अरुंद होडीत बसलेला, दोन वल्ही धरलेला माणूस. तो जॉन ब्रेंडन केली, सगळे जॅक म्हणायचे. ग्रेस केली या अभिनेत्रीचे वडील म्हणून पुष्कळांना माहीत असतील. पण मला त्यांच्याविषयी सांगायचंय ते वेगळ्या कारणासाठी.

माझे आजोबा, आम्ही आबा म्हणायचो, वाईकडचे गवंडी. आणि मी कॉलेजात असताना पुण्यात मुळेवर तीन वर्षं वल्ही मारली. घरात एकाच वेळी थापी धरलेला हात आणि वल्हं धरलेला हात, असे दोन्ही पाहिलेत. म्हणून केलींची गोष्ट वाचली तेव्हा ती परकी वाटलीच नाही.

जन्म ४ ऑक्टोबर १८८९, फिलाडेल्फियाच्या ईस्ट फॉल्स वस्तीत. आईवडील आयर्लंडहून आलेले, दहा मुलं. वस्तीतल्या डॉबसन यांच्या गालिचांच्या गिरणीत घरातली पोरं कामाला जायची, जॅकही गेला. मग थोरल्या भावाच्या, पॅट्रिकच्या बांधकामावर वीटकाम शिकला. दिवसभर विटा लावायच्या आणि उरलेल्या वेळात नदीवर जायचं. पहिलं महायुद्ध झालं, सैन्यात गेला, तिथे हेवीवेट गटात मुष्टियुद्धही खेळला, परत येऊन पुन्हा होडीत बसला. १९१९ आणि १९२० मध्ये एकट्याच्या होडीच्या, म्हणजे सिंगल स्कलच्या, अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकल्या. त्या काळात सलग १२६ शर्यती जिंकल्याचा विक्रम त्याच्या नावावर सांगतात.

एवढं झाल्यावर कोणत्याही वल्हेकऱ्याच्या मनात एकच गाव येणार, थेम्स नदीवरचं हेन्ली. तिथली डायमंड स्कल्स ही एकट्याच्या होडीची शर्यत १८४४ पासूनची. ऑलिंपिकपेक्षाही तिचा मान मोठा, असं मानणारे तेव्हा खूप होते. १९२० मध्ये केलीने प्रवेशअर्ज पाठवला. निघायची तयारी झाली. आणि नकार आला.

हेन्लीच्या कारभाऱ्यांच्या इतिवृत्तात कारणं दोन नोंदली आहेत. पहिलं असं की केली फिलाडेल्फियाच्या व्हेस्पर बोट क्लबचा, आणि व्हेस्परचे अर्ज घ्यायचे नाहीत असा ठराव १९०६ मध्येच झाला होता. दुसरं, नियमावलीतल्या हौशी खेळाडूच्या व्याख्येत तो बसत नाही, कारण तो हातांनी काम करून मजुरी घेतो.

ही व्याख्या १८७९ पासूनची. पैशांसाठी शर्यत खेळलेला माणूस हौशी नाही, हे एक कलम समजू शकतं. होड्यांवर पगारी काम करणारा नाही, हेही ठीक म्हणू. पण पुढचं कलम असं होतं की जो कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर *आहे किंवा कधी काळी होता*, तो हौशी नाही. ‘कधी काळी होता’ हे शब्द मी परत परत वाचले. केलीने पुढे स्वतःची कंपनी काढली, तो कोट्यधीश झाला. तरी त्या कलमाखाली तो अपात्रच राहिला असता. हातांना एकदा चुना-माती लागली की ती त्या कागदावरून निघणारच नव्हती.

आबांनी भिंती उभ्या केलेल्या एका बंगल्याची वास्तुशांत होती. पंगत आतल्या दिवाणखान्यात बसली, आबांचं पान मागच्या पडवीत मांडलं. मी सात वर्षांची होते, त्यांच्याबरोबर पडवीत जेवले. आबा काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी पडवीच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘सरळ आलीय.’ ते वाक्य तेव्हा मला कळलं नव्हतं.

तर केली. हेन्लीचं दार बंद झालं तेव्हा तो ऑलिंपिकला गेला. खेळ अँटवर्पचे, पण नौकाशर्यती ब्रुसेल्सजवळच्या कालव्यावर होत्या. २९ ऑगस्ट १९२०, सिंगल स्कलची अंतिम फेरी. शेजारी होता इंग्लंडचा जॅक बेरेसफर्ड. त्याच वर्षी हेन्लीची डायमंड स्कल्स जिंकलेला! म्हणजे थेम्सवर जी लढत व्हायला हवी होती, ती बेल्जियमच्या कालव्यात झाली. केलीची वेळ ७ मिनिटं ३५ सेकंद, बेरेसफर्डची ७ मिनिटं ३६ सेकंद. एका सेकंदाचा फरक. दोघांचीही अवस्था अशी की हस्तांदोलनाला हात उचलत नव्हता.

आणि साधारण अर्ध्या तासाने केली पुन्हा होडीत बसला. या वेळी चुलतभावाबरोबर, पॉल कॉस्टेलोबरोबर, दुहेरी शर्यतीसाठी. तीही जिंकली. १९२४ मध्ये पॅरिसला ह्याच जोडीने दुहेरीचं सुवर्ण पुन्हा आणलं. तीन सुवर्णपदकं मिळवणारा तो जगातला पहिला वल्हेकरी.

सध्या इथेच थांबते. रोइंग केलेलं, पाहिलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.

---

मुळाकाठ

फार मनापासून लिहिलंय. मीही बोट क्लबवाला, रेगाटाला, म्हणजे होड्यांच्या उत्सवाला, पंटवर (सपाट तळाच्या होडीवर) मशाली घेऊन उभा राहिलेला. ज्यांनी कधी वल्हं धरलं नाही त्यांच्यासाठी त्या ‘अर्ध्या तासाने’चा अर्थ सांगतो.

लोकांना वाटतं रोइंग म्हणजे दंडाचं काम. नाही. होडीतलं आसन चाकांवर मागेपुढे सरकतं. पाय फळीला बांधलेले. वल्हं पाण्यात घातलं की आधी पाय रेटायचे, मग पाठ उघडायची, हात सगळ्यात शेवटी. एका शर्यतीत दोनशेहून जास्त वेळा हे करायचं. पहिल्या मिनिटातच मांड्या पेटतात, मधल्या हजार मीटरमध्ये छाती फुटेल असं वाटतं, आणि शेवटच्या अडीचशेला डोळ्यांसमोर कडा काळ्या होतात. शर्यत संपल्यावर माणूस वल्ह्यांवर पालथा पडतो. पंधरा मिनिटं तर धड उभंही राहता येत नाही. त्यातून सिंगल स्कलची होडी माणसाच्या कमरेएवढी अरुंद, एक वल्हं चुकलं की पाण्यात. अशा सात मिनिटांनंतर अर्ध्या तासात परत सात मिनिटं! मी एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी उतरलो होतो, तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नव्हता.

---

शाईचा डाग

लेख आवडला, पण एक मुद्दा मांडतो. राग नसावा. हौशी आणि व्यावसायिक ही भिंत निव्वळ उच्चवर्गीय माजातून आली असं चित्र उभं राहतंय. एकोणिसाव्या शतकात थेम्सवर नावाडी पैजा लावून शर्यती खेळत. जुगार चाले, समोरच्याच्या होडीत मुद्दाम होडी घालणं चाले. दिवसभर प्रवासी वाहून नेणारा नावाडी आणि सुट्टीत वल्हं मारणारा विद्यार्थी यांची बरोबरी होणार कशी? नियमामागे काही विचार होता.

शिवाय व्हेस्परवरची बंदी हे स्वतंत्र कारण होतं ना? १९०५ मध्ये त्यांचा आठजणांचा संघ हेन्लीला गेला. त्याच्या खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली होती आणि खेळाडूंना पैसे मिळाले होते, असं पुढे निघालं. नियमाने खेळणाऱ्यांच्या दृष्टीने तो विश्वासघातच.

---

ओळंबा

शाईचा डाग, राग कसला? मुद्दा योग्य आहे, म्हणूनच नीट उत्तर देते.

नावाड्यांपुरतं तुमचं म्हणणं मान्य. जो दिवसाचे दहा तास वल्हंच मारतो त्याला वेगळ्या गटात ठेवा. थेम्सच्या नावाड्यांची स्वतःची मानाची शर्यत १७१५ पासून चालत आलेली आहेच. पण गवंडी, सुतार, लोहार होडीत काय शिकून येतो? वीट लावल्याने वल्हं मारता येत नाही. युक्तिवाद असा केला जायचा की अंगमेहनत करणाऱ्याचं शरीर आयतंच तयार असतं. दिवसभर विटा वाहून नदीवर येणाऱ्या माणसाचं शरीर तयार नसतं हो, थकलेलं असतं. आबा संध्याकाळी घरी आले की पायरीवर बसायचे आणि अर्धा तास त्यांना हाक मारायची नाही असा आजीचा दंडक होता. ज्याला दुपारी दोन वाजता नदीवर जाता येतं, सरावानंतर झोपता येतं, त्याचाच फायदा मोठा.

आणि इंग्लंडमधल्या लोकांनाही हे तेव्हाच कळत होतं. १८९० मध्ये तिथे एक वेगळी राष्ट्रीय संघटना निघाली ती याच कलमाला विरोध म्हणून. तिने कामगारांना हौशी मानलं. म्हणजे ‘तो काळच तसा होता’ असं मला म्हणवत नाही. त्याच काळात, त्याच देशात दुसरं म्हणणारे होते.

व्हेस्परबद्दल: १९०५ साली केली पंधरा वर्षांचा होता. त्या होडीत तो नव्हता. ठराव क्लबवर होता हे खरं, आणि नुसत्या त्या ठरावावरही अर्ज परत जाऊ शकला असता. पण कारभाऱ्यांनी तेवढ्यावर थांबायचं ठरवलं नाही. मजुरीचं कलमही मुद्दाम लिहिलं. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, तर मी ते का झाकू?

---

काठावरची

+१ ओळंबा. पडवीतलं पान वाचून गलबलून आलं.

एक शंका. केलीने जिंकल्यावर आपली घामाने भिजलेली हिरवी टोपी इंग्लंडच्या राजाला पाठवली, ‘एका गवंड्याकडून नमस्कार’ अशी चिठ्ठी लावून, असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

---

ओळंबा

ही गोष्ट केली घराण्याबद्दल नेहमी सांगितली जाते. मी ती दंतकथा म्हणूनच ऐकते, लेखात मुद्दाम घातली नाही. केलीची हिरवी टोपी मात्र खरी, तीच घालून तो शर्यतीत उतरायचा. मला टोपीपेक्षा बेरेसफर्डशी पुढे टिकलेली मैत्री जास्त महत्त्वाची वाटते. भांडण त्या दोघांचं नव्हतंच. बेरेसफर्ड १९१८ मध्ये युद्धात पायाला गोळी लागून आलेला, वडिलांच्या फर्निचरच्या कारखान्यात काम बघणारा. केलीपेक्षा अंगाने बराच हलका. तरी एका सेकंदावर आणून ठेवलं त्याने. पुढे १९२४ मध्ये सिंगल स्कलचं सुवर्ण मिळवलं आणि १९३६ पर्यंत पाच ऑलिंपिकमध्ये पाच पदकं. त्याच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.

---

तारसप्तक

थोडा गोंधळ झालाय. मी वाचलं होतं ते केली संगीतकार होते, पियानो वाजवायचे, आणि हेन्ली तर त्यांनी तीनदा जिंकली होती. हे तेच का?

---

मुळाकाठ

नाही, ते फ्रेडरिक सेप्टिमस केली. जन्म सिडनीचा, १८८१ चा. ईटन आणि ऑक्सफर्डला शिकले. डायमंड स्कल्स १९०२, १९०३ आणि १९०५ मध्ये जिंकली. १९०५ ची त्यांची ८ मिनिटं १० सेकंद ही वेळ १९३८ पर्यंत कुणाला मोडता आली नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आठजणांच्या होडीत सुवर्ण. कवी रूपर्ट ब्रूक वारल्यावर त्याच्या आठवणीत तंतुवाद्यांसाठी शोकरचना केली. १३ नोव्हेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये आंक्र नदीकाठच्या लढाईत मारले गेले, वय पस्तीस. तेही विलक्षणच आयुष्य.

दोन केली. एकाला हेन्ली अंगणासारखी, दुसऱ्याला फाटकातून परत. हातातली वल्ही सारखीच.

---

शाईचा डाग

ओळंबा, उत्तर पटलं. ‘दुपारी दोन वाजता नदीवर जाता येणं’ याचा मी विचार केला नव्हता. नियम मग कधी गेला?

---

ओळंबा

१९३७ मध्ये. त्याआधी दोन गोष्टी घडल्या.

ऑस्ट्रेलियाचा बॉबी पिअर्स सुतार होता. १९२८ मध्ये त्यालाही डायमंड स्कल्ससाठी नाकारलं. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तो सिंगल स्कल जिंकला. शर्यतीच्या मधेच समोरून बदकीण पिल्लांची रांग घेऊन कालवा ओलांडत होती, म्हणून वल्ही थांबवून उभा राहिला आणि तरी जिंकला, तोच हा. पुढे मंदीत काम मिळेना. एका व्हिस्की कंपनीच्या मालकाने विक्रेत्याची नोकरी दिली. विक्रेता म्हणजे हातमजूर नव्हे! १९३१ मध्ये त्याने डायमंड स्कल्स जिंकली. माणूस तोच, दंड तेच, फक्त हातातला रंधा गेला.

मग १९३६. बर्लिन ऑलिंपिकला निघालेला ऑस्ट्रेलियाचा आठजणांचा संघ हेन्लीत खेळू पाहत होता. सगळे न्यू साउथ वेल्सचे पोलीस. त्यांनाही मजुरांत मोजलं आणि मुख्य शर्यतीत घेतलं नाही. यावरून एवढी टीका झाली की पुढच्या वर्षी कारभाऱ्यांनी मजुरीचा उल्लेख नियमातून काढून टाकला.

---

खडकीकर

इतका वेळ नुसतं वाचत होतो, आता राहवत नाही.

आपल्या दत्तू भोकनळची आठवण झाली नाही का कुणाला? चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. दुष्काळी भाग. वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. वडील गेल्यावर घर चालवायला सैन्यात भरती झाला, आणि रोइंग शिकला ते पुण्यात, लष्कराच्या केंद्रात. गावात पोहायला पाणी नाही आणि हा गडी होडीत! २०१६ ला रिओत सिंगल स्कलमध्ये उतरला, म्हणजे केलीचीच शर्यत. आई तेव्हा गंभीर आजारी होती. जगात तेरावा आला. २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये चौघांच्या होडीत सुवर्ण.

१८७९ चं ते कलम लावलं तर दत्तू दोनदा बाद. विहीर खोदणारा म्हणून मजूर, आणि लष्करात खेळातून पुढे आलेला म्हणून आणखी काहीतरी. सांगा मला, त्या माणसाइतकी हौस कुणाला असेल?

---

ओळंबा

खडकीकर, खरं सांगू? हा धागा सुचला तो दत्तूमुळेच. रिओची ती शर्यत मी इथे पहाटे उठून पाहिली होती आणि एकटीच ओरडत होते. लिहिताना वाटलं की आधी केलींचं सांगावं, मग कुणीतरी दत्तूचं नाव काढेलच. काढलंत. आभार.

---

काठावरची

केलींच्या पुढच्या आयुष्याबद्दल लिही ना. आणि तो रस्ता त्यांच्याच नावाचा का?

---

ओळंबा

रस्ता मुलाच्या नावाचा आहे. इथले लोकसुद्धा चुकतात. पुतळा वडिलांचा, १९६५ मध्ये बसवलेला. रस्त्याला नाव दिलं ते मुलाचं, जॅक केली धाकट्याचं. तो शहराच्या नगरपरिषदेत होता आणि अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष झाल्यावर काही दिवसांतच, मार्च १९८५ मध्ये, सकाळचं वल्हवणं आटोपून पळत जाताना वारला.

थोरल्या केलींची वीटकामाची कंपनी पूर्व किनाऱ्यावरच्या मोठ्या कंपन्यांत गणली जाऊ लागली. ‘केली फॉर ब्रिकवर्क’ अशी तिची जाहिरात असायची. मला हे फार आवडतं. पैसा आल्यावर त्यांनी धंद्याचं नाव बदलून काही गुळगुळीत ठेवलं नाही. वीटकाम म्हणजे वीटकाम. १९२४ मध्ये लग्न केलं मार्गारेट मेयर यांच्याशी. त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मुलींना व्यायाम आणि खेळ शिकवत. १९३५ मध्ये केली फिलाडेल्फियाच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभे राहिले आणि पडले. दुसऱ्या महायुद्धात रूझवेल्टनी देशाच्या शारीरिक तंदुरुस्तीचं काम त्यांच्याकडे दिलं. २० जून १९६० ला गेले.

पण हेन्ली त्यांच्या मनातून गेली नव्हती. मुलाला लहानपणापासून नदीवर घातलं. त्या मुलाने १९४७ मध्ये डायमंड स्कल्स जिंकली, १९४९ मध्ये पुन्हा. बापाने आपली इच्छा मुलावर लादली असं कुणी म्हणेल, आणि थोडंफार तसं असेलही. मला मात्र तिथे दोष काढावासा वाटत नाही. माझ्या बाबांना इंजिनियर करायचं हे आबांनी बाबा पाळण्यात असताना ठरवलं होतं. ज्या बंगल्याचं सांगितलं ना, तसल्याच एका बंगल्याचा नकाशा बाबांनी काढला आणि आबांनी तो बांधला. वास्तुशांतीला दोघांची पानं दिवाणखान्यात होती. मी मधे बसले होते.

---

मुळाकाठ

यात एक भर घालतो. १९८१ मध्ये हेन्लीत बक्षिसं वाटायला कुणाला बोलावलं होतं? मोनॅकोच्या प्रिन्सेस ग्रेस यांना. म्हणजे जॅक केलीच्या मुलीला. आणि आज हेन्लीत महिलांच्या चौघींच्या स्कलिंगच्या शर्यतीला जो चषक देतात तो प्रिन्सेस ग्रेस यांच्या नावाचा आहे.

---

तारसप्तक

अंगावर काटा आला.

ओळंबा, पुतळ्याचा एखादा फोटो टाकता येईल का? नदीसकट.

---

ओळंबा

टाकते. शनिवारी पहाटे निघेन, तेव्हा नदीवर शाळा-कॉलेजांच्या होड्या असतात, पाण्यावर धुकं असतं. शक्य झालं तर पुतळ्याच्या मागच्या बाजूने, वल्ही पाण्याकडे दिसतील असा काढते. मुळाकाठ, तुम्ही बोट क्लबाच्या धक्क्यावरून मुळेचा एक टाका. खडकीकर, तुमच्याकडे दत्तूच्या सरावाचा असेल तर तोही इथेच येऊ द्या.